गोलकीपरची बॅग

गोलकीपरची बॅग चौदा किलोची होती. तपासनिसाने ती एकदा कारखान्यातल्या काट्यावर ठेवून पाहिली होती, त्यामुळे हा आकडा अंदाजपंचे नाही. पायांचे दोन जाडजूड पॅड, बुटांवर चढवायचे फोमचे किकर, छातीचं चिलखत, हातमोजे, हेल्मेट, स्टिक. आणि या सगळ्यात दोन वर्षांचा मुरलेला घाम, जो काट्यावर दिसत नाही पण नाकाला बरोबर सापडतो. हॉकी संघाच्या मिनीबसच्या ड्रायव्हरने पहिल्याच दिवशी हात जोडले होते. "पोरी कितीही द्या, नेतो. हे धूड नाही नेणार. याला जागा दिली तर दोघींना टपावर बसवावं लागेल."

म्हणून दर रविवारी बाकीच्या मुली बसने जायच्या आणि गोलकीपर तिच्या बॅगेसकट बापाच्या, म्हणजे तपासनिसाच्या गाडीतून.

असं होणार हे तपासनिसाला आधीपासून ठाऊक होतं. किंबहुना म्हणूनच त्याने हात वर केला होता. दोन वर्षांपूर्वी क्लबच्या खोलीत पालकांची सभा भरली होती. आधीची गोलकीपर घर बदलून दूर गेली होती. कोचबाईंनी विचारलं, "गोलमध्ये कोण उभी राहील?" आणि सगळे पालक आपापल्या बुटांच्या लेसकडे पाहू लागले. प्रत्येकाला आपली मुलगी गोल मारताना बघायची होती. गोल खाताना कुणालाच नाही. दातांचे डॉक्टर तर स्पष्टच म्हणाले, "आमचीच्या चेहऱ्यावर चेंडू बसला तर? मी दुसऱ्यांचे दात बसवतो म्हणून काय झालं?"

"आणि बॅगेसाठी दर वेळी गाडी लागेल," कोचबाईंनी बजावलं.

त्या वाक्यावर तपासनिसाचा हात वर गेला. "आमची उभी राहील."

आमची त्या वेळी बारा वर्षांची होती आणि बाहेर नळाखाली स्टिक धूत होती. तिला कुणी विचारलं नाही.

वेगळं होताना कागदावर त्याच्या वाट्याला महिन्यातले दोन शनिवार आले होते, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. लेक आईकडे राहायची. त्यात तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. आई चांगली होती, घर शाळेजवळ होतं. पण लीगचे सगळे सामने शहराबाहेरच्या एकाच मैदानावर व्हायचे. जायला बेचाळीस मिनिटं, यायला बेचाळीस. ही मिनिटं कुठल्याच कागदावर नव्हती. ती त्याला बॅगेने मिळवून दिली होती.

पहिलं वर्ष असं गेलं की त्याला पुढे आठवायचं म्हटलं तरी सलग काही आठवेना, तुकडेच आठवत. तिने डॅशबोर्डवर पाय ठेवलेले. गणिताच्या बाई 'म्हणजेच' हा शब्द एका तासात किती वेळा म्हणाल्या त्याची बेरीज: एकसष्ट. आईच्या इमारतीतल्या तीन पायांच्या मांजरीचं चौथ्या मजल्यावर चढणं, तिने स्वतः गाडीच्या सीटवर करून दाखवलेलं. त्या वर्षी तिने गोलही पुष्कळ खाल्ले. परत येताना म्हणायची, "आज सात. मागच्या वेळी नऊ होते. प्रगती आहे की नाही?" पॅड चढवले की ती जितकी उंच तितकीच रुंद दिसायची, म्हणून मुलींनी तिचं नाव 'कपाट' ठेवलं होतं. तिला ते आवडायचं.

दुसऱ्या वर्षी कोचबाई एकदा सहज बोलून गेल्या, "हिच्यात काहीतरी आहे हो. नीट मेहनत घेतली तर निवड चाचणीपर्यंत जाईल."

दुसऱ्याच दिवशी तपासनिसाने एक वही आणली.

आता त्याच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, नाही तर वहीचं गणित कळणार नाही. औषधाच्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्यात तो बावीस वर्षं एकाच स्टुलावर बसत होता. समोर उजेडाचा पांढरा पडदा, पडद्यापुढून पट्ट्यावर बाटल्या सरकत असायच्या, मिनिटाला साठ. ज्या बाटलीत फोड, रेघ किंवा तडा, जिची मान वाकडी, ती उचलायची आणि तक्त्यात नोंदवायची. बाकीच्या पुढे जायच्या. तक्त्यात रकाने फक्त दोषांचे होते. चांगल्या बाटलीसाठी रकानाच नव्हता, आणि तो असावा असं बावीस वर्षांत कुणाला वाटलंही नव्हतं. पाळी संपताना तक्ता जवळजवळ कोरा असला की साहेब मान हलवून पुढे जायचे. ती शाबासकी. कोऱ्या तक्त्याचा दिवस म्हणजे भट्टीवरच्या माणसांचा सणच.

त्याच शिस्तीत त्याने वही भरायला घेतली. मिनिट, जागा, चूक. आणि परतीच्या बेचाळीस मिनिटांत वाचून दाखवायला.

"सतराव्या मिनिटाला डावा पाय उशिरा निघाला."

"हं."

"पेनल्टी कॉर्नरला तू एक पाऊल जास्त पुढे. दोनदा."

"हं."

"चेंडू डीमध्ये, गोलच्या तोंडाशी असताना हेल्मेटला हात लावलास."

"खाज आली होती, बाबा."

"खाज सामना संपल्यावर."

या शेवटच्या वाक्यावर पहिल्या वर्षीची लेक खो खो हसली असती. आता ती खिडकीची काच खाली करायची आणि वर करायची. तो समजत होता की ऐकतेय. ऐकत होतीच; पुढच्या रविवारी त्यातल्या बऱ्याचशा चुका दिसायच्या नाहीत. सातावरून पाच, पाचावरून दोन. वहीची पानं विरळ होत चालली. सोमवारी कारखान्यात स्टुलावर बसताना त्याला एक गुप्त आनंद व्हायचा. घरी एकुलत्या खुर्चीवर तिचे पॅड खिडकीकडे तोंड करून वाळत असायचे, कुणीतरी पाय सोडून बसल्यासारखे. तो जमिनीवर बसून जेवायचा आणि अधूनमधून त्यांच्याकडे पाहायचा.

मग लीगच्या पहिल्या टप्प्याचा उपांत्य सामना आला.

त्या दिवशी तिने काहीही आत जाऊ दिलं नाही. पहिल्या अर्ध्या भागात पाच पेनल्टी कॉर्नर अडवले. दुसऱ्या भागात समोरच्यांना पेनल्टी स्ट्रोक मिळाला. म्हणजे मैदानावरचे बाकी सगळे दूर उभे, मध्ये फक्त मारणारी, अडवणारी आणि चेंडू. दातांचे डॉक्टर, ज्यांची मुलगी बदली खेळाडू म्हणून बाकावरच असायची आणि जे एरवी सगळा वेळ "आमचीला उतरवा!" म्हणून ओरडत असायचे, तेही गप्प झाले. लेकीचा उजवा पाय गेला. चेंडू किकरवर आदळून बाहेर. एका गोलने सामना जिंकला.

शिट्टी झाली तेव्हा मुलींचा ढीग मैदानाच्या त्या टोकाला, गोल मारणारीच्या अंगावर पडला. गोलकीपर या टोकाला होती. पॅड बांधून पळता येत नाही. ती डुलत डुलत निघाली, आणि पोचेपर्यंत ढीग विस्कटून मुली बाटल्यांकडे गेल्या होत्या. ती मधल्या रेषेवर थोडी थांबली, मग उलट फिरून आपलं हेल्मेट आणायला गेली.

तपासनिसाने हे पाहिलं नाही. तो वहीच्या पानाकडे बघत होता. तारीख, समोरच्या संघाचं नाव, आणि खाली काही नाही. एक अक्षर नाही.

गाडीत तो चकार शब्द बोलला नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच, आणि हाच तर आनंद होता. गाडी नेहमीपेक्षा हळू चालवली. त्रेपन्न मिनिटं लागली. आईच्या इमारतीखाली उतरताना लेकीने दार धरून विचारलं, "काही नाही?"

"काही नाही," तो म्हणाला. त्याच्या मते त्याने तिला याहून मोठं कधी काही दिलं नव्हतं.

बुधवारी कोचबाईंचा निरोप आला, सरावानंतर भेटून जा. तो गेला तेव्हा त्या मैदानावरचे प्लॅस्टिकचे शंकू एकात एक घालत होत्या.

"तिला गोल सोडायचाय," त्या म्हणाल्या. "मधल्या फळीत खेळायचं म्हणतेय."

"मधल्या फळीत? तिला पळता कुठे येतं?"

"नाहीच येत. मी तोंडावर सांगितलं. म्हणाली, शिकेन."

"चाचणी सहा आठवड्यांवर आलीय, मॅडम."

"म्हणून तर बोलावलं. नाव गोलकीपर म्हणून गेलंय. मागे घ्यायचं तर दोन्ही पालकांच्या सह्या लागतात. आईची झालीय." त्यांनी घडी घातलेला कागद पुढे केला. "तुम्ही सही नाही केलीत तर मोसम संपेपर्यंत ती गोलमध्येच. आणि ती उभी राहील बरं का, कुरकुर न करता. ऐकणारी पोर आहे. त्यामुळे आता सगळं तुमच्यावर आलं."

तपासनिसाने कागद घेतला नाही. "एवढा सामना खेळली आणि आता सोडते? असं कसं?"

"हेच मी विचारलं. तर म्हणाली, त्या दिवशीसुद्धा बाबा बोलला नाही."

"अहो, चूकच नव्हती त्या दिवशी!"

"मग तेच सांगायचं ना."

"चूक नाही तर सांगायचं काय?"

कोचबाई हातातला शंकू घेऊन तशाच उभ्या राहिल्या. टोमणा मारावा की समजवावं, हे त्यांचं ठरेना बहुतेक. शेवटी म्हणाल्या, "मला विचारू नका. पंचवीस मुली आहेत मला. तुम्हाला एकच आहे."

त्याने कागद घेतला. गाडीपाशी उभं राहूनच लेकीच्या आईला फोन लावला.

"तू सही का केलीस?"

"तिने मागितली म्हणून."

"अगं, तिच्या भवितव्याचा प्रश्न आहे."

"भवितव्य तुझं चाललंय रे," ती शांतपणे म्हणाली. "ती चौदा वर्षांची आहे. तिला बसमध्ये बसायचंय."

"बसमध्ये?"

"बसमध्ये. सगळ्यांबरोबर. विचार तिला." आणि मग, फोन ठेवायच्या आधी जरा थांबून, "ओरडू नकोस."

"मी कधी ओरडलोय?"

"नाहीस. तेही खरंच."

चार दिवस कागद त्याच्या खिशात होता. सही करायची नाही, याला एक सोडून दहा कारणं होती आणि सगळी तिच्या भल्याची होती. हाताशी आलेली संधी. दोन वर्षांची मेहनत. पोरीचं आज एक, उद्या एक. कारखान्यात स्टुलावर बसून तो ती कारणं एकेक करून उजेडापुढे धरायचा आणि प्रत्येकात काही ना काही सापडायचं. सगळ्यांच्या मागे तोच तडा होता: बॅग नाही तर रविवार नाही. गुरुवारी त्याच्या नजरेतून दोन वाकड्या मानेच्या बाटल्या निसटल्या. बावीस वर्षांत असं तिसऱ्यांदा झालं होतं, आणि आधीच्या दोन्ही वेळी कारण ताप होतं.

रविवारी ती गोलमध्ये उभी राहिली, नेहमीसारखी, कुरकुर न करता. आईच्या इमारतीखाली त्याने गाडी बंद केली आणि वही काढली.

"आज नको ना, बाबा."

"आजचं नाही." त्याने उपांत्य सामन्याचं पान उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. "हे बघ."

तिने पाहिलं. पान उलटून मागची बाजूही पाहिली. "काही लिहिलंच नाहीये."

"तेच तर. एक चूक नाही. आमच्याकडे याला..." त्याला पुढचा शब्द सापडेना. "आमच्याकडे यापुढे काही नसतं. हे सगळ्यात वरचं."

ती पानाकडे बघत राहिली. "मला वाटलं तुला राग आलाय. मी रात्रभर विचार करत होते, काय केलं मी."

"राग? मी त्या दिवशी इतका..."

"पण बाबा, कोऱ्या पानावर मी काय वाचायचं?"

इमारतीतून कुणीतरी सायकल घेऊन बाहेर पडलं, गाडीतल्या दोघांकडे पाहून पुढे गेलं. तपासनिसाने वही मिटली.

"सही केली नाही तर?" त्याने विचारलं.

"तर उभी राहीन. तुला नाही कसं म्हणू मी?" ती म्हणाली. "पण तिथे ना, सगळं लांब चालू असतं. त्या पलीकडे हसत असतात आणि मला कळत नाही कशाला. विचारावं तर त्यांना आठवत नाही. मग येताना तू वाचतोस."

त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. गाडी उभी होती तरी. "तुला एक सांगायचंय. गोलमध्ये तुला मी उभं केलं. सभेत. बॅगेला गाडी लागणार होती म्हणून."

"माहितीये मला."

"कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? मी काय कुक्कुलं बाळ आहे?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मला चालत होतं. पहिल्या वर्षी तर मी रविवारची वाट बघायचे. गोल खायचे म्हणून काय झालं, नंतर गाडी होती ना."

"मग?"

"मग तू वही आणलीस."

कागद खिशात चार दिवस राहून मऊ झाला होता. त्याने तो वहीच्या पुठ्ठ्यावर ठेवून सही केली. सही नेहमीची होती, तक्त्याखाली करायचा तीच, आणि आईच्या सहीशेजारी ती जरा लहानच दिसत होती. लेकीने कागद घेतला, फुंकर मारली, शाई ओली नसतानाही. मग वाकून मागच्या सीटवरच्या बॅगेकडे पाहिलं.

"ही आता कोणाकडे?"

"कोचबाईंकडे देतो उद्या."

"बरं." ती उतरली. दोन पावलं जाऊन वळली, हात हलवून आत गेली.

पुढच्या तीन रविवारी तो मैदानावर गेला नाही. ये म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, येऊ नको म्हणूनही नाही. पहिल्या रविवारी त्याने गाडी धुतली. दुसऱ्या रविवारीही धुतली. तिसऱ्या रविवारी धुण्यासारखं काही उरलं नव्हतं. खुर्ची मोकळी झाली होती, पण तो जेवायला जमिनीवरच बसला.

चौथ्या रविवारी तो गेला. दोरीच्या मागे, सगळ्यात शेवटी उभा राहिला. हात कुठे ठेवायचे हे कळेना, म्हणून खिशात घातले.

दातांच्या डॉक्टरांनी त्याला लांबूनच हेरलं. त्यांची मुलगी आता गोलमध्ये होती. दुसरी कुणी तयार झाली नाही आणि बाकावर बसण्यापेक्षा ते बरं, असं त्यांच्या घरी ठरलं होतं. "काय हो," त्यांनी दंड धरला, "त्या बॅगेत काय मेलंय? माझी नवी गाडी आहे. पेशंट नाकाला रुमाल लावून विचारतात, डॉक्टर, तुमच्याकडूनच वास येतोय का?"

"मागची काच दोन बोटं उघडी ठेवा," तपासनीस म्हणाला. "येताना. जाताना नको, पोरीला थंडी लागते."

"आणि पॅड?"

"खुर्चीवर. उन्हाकडे तोंड करून."

डॉक्टरांनी हे मनापासून लक्षात ठेवलं.

मैदानात त्याची लेक मधल्या फळीत पळत होती; म्हणजे पळायचा प्रयत्न करत होती. चेंडू एकीकडे आणि ती दुसरीकडे. दोन वर्षं एका चौकटीत उभं राहिल्यावर एवढं मैदान कसं वापरायचं ते तिला समजत नव्हतं. पहिल्या दहा मिनिटांत त्याला अकरा चुका दिसल्या, इच्छा नसताना. बाराव्या चुकीला ती स्वतःच्याच स्टिकला अडखळून सपशेल आडवी झाली, आणि सेंटर फॉरवर्ड तिला उठवायला आली ती तिच्यावरच पडली, आणि दोघी तिथे, सामना चालू असताना, पोट धरून हसत राहिल्या. पंचांनी शिट्टी वाजवली. कोचबाई ओरडल्या. तिचं हसणं त्याला ऐकू आलं नाही, फार लांब होतं ते. खांदे हलताना दिसले.

चार गोलांनी हरल्या. मुली घोळक्याने बसकडे निघाल्या. ती घोळक्यातून बाहेर पडून दोरीशी आली. चेहरा लाल, गुडघा खरचटलेला.

"आलास तू! कशी खेळले?"

पहिल्या दहा मिनिटांतल्या अकरा चुका जिभेवर रांग लावून उभ्या होत्या. त्यांच्यामागे काय आहे ते पाहायला त्याने मान वर केली, तर तिथे काहीच तयार नव्हतं. खोटं बोलला असता तर तिने ते एका क्षणात ओळखलं असतं.

"बसमध्ये कुठे बसतेस?" त्याने विचारलं.

तिला आधी प्रश्न कळला नाही. मग ती सांगू लागली. सगळ्यात मागे, पाच जणींच्या सीटवर सहा जणी. मधलीला धरायला काही नसतं म्हणून वळणावर ती सरळ पुढे जाते, एकदा तर ड्रायव्हरकाकांच्या डब्यावर जाऊन बसली. कोण गाणं भसाड्या आवाजात म्हणते आणि कोणाला गाडी लागते, पिशवी कोणाकडे असते. काका रागावून रेडिओ बंद करतात, मग मुलींचं गाणं ऐकून पुन्हा लावतात. मागच्या काचेतून रस्ता उलटा पळताना दिसतो, सगळ्या गाड्या आपल्या पाठीमागे लागल्यासारख्या वाटतात, आणि मुली त्या गाड्यांच्या ड्रायव्हरांना नावं ठेवतात. हातवारे करत, श्वास न घेता ती चार मिनिटं बोलली. तो ऐकत होता. मध्ये एकदाच म्हणाला, "डब्यावर?" आणि ती म्हणाली, "डब्यावर! भाजी सगळी सपाट!"

बसचा हॉर्न वाजला. तिकडून कुणीतरी हाक मारली, "कपाट! चल गं!"

"जाते," ती म्हणाली आणि पळाली. आता तिला पळता येत होतं, पॅड नव्हते.

बस मैदानाच्या फाटकातून बाहेर पडली. मागच्या काचेत सहा डोकी होती. कुठलं तिचं ते इथून सांगता येत नव्हतं. डॉक्टरांची गाडी गेली, मागची काच दोन बोटं उघडी ठेवून. कोचबाईंची स्कूटर गेली. घरी जायला रस्ता एकच होता, आणि लगेच निघालं तर पाचव्या मिनिटाला तो बसच्या मागे लागला असता.

त्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही. बसला पंधरा मिनिटं पुढे जाऊ द्यायची असं ठरवून तो रिकाम्या मैदानाकडे तोंड करून बसून राहिला.